गरज कोणी मोजायची?

जुलै 2014 ते जानेवारी 2015 या सात महिन्यांत न्यू जर्सी राज्याने अपंगांच्या देखभालीबद्दल दोन मोठे निर्णय अमलात आणले. 1 जुलै 2014 ला वृद्ध आणि शारीरिक अपंगत्व असलेल्या लोकांची दीर्घकालीन देखभाल विमा कंपन्यांकडे गेली. या योजनेचे नाव ‘मॅनेज्ड लाँग टर्म सर्व्हिसेस अँड सपोर्ट्स’, बोलताना एमएलटीएसएस. जानेवारी 2015 मध्ये एडिसन या गावाला खेटून असलेल्या वुडब्रिजमधले सरकारी डेव्हलपमेंटल सेंटर बंद झाले. बौद्धिक अपंगत्व असलेली माणसे तिथे वर्षानुवर्षे राहत होती. टोटोवाचे असेच केंद्र त्याआधी काही महिने बंद झाले होते, आणि राज्यात अशी सातांपैकी पाच केंद्रे उरली. या लोकांसाठी वस्तीतल्या घरांचा आणि सेवांचा खर्च मात्र विमा कंपन्यांकडे गेला नाही. तो राज्याच्या ‘डिव्हिजन ऑफ डेव्हलपमेंटल डिसॅबिलिटीज’ या विभागाकडे, म्हणजे डीडीडीकडेच राहिला. अशी विभागणी का झाली याची प्रशासकीय कारणे अनेक असतील. मला त्यापेक्षा महत्त्वाचे वाटते ते हे, की ही रेघ योग्य जागी पडली आहे. ती पुसून सगळेच कंपन्यांकडे सोपवण्याची सूचना पुन्हा पुन्हा होत राहील, आणि ती का स्वीकारू नये याची कारणे राजकीय घोषणांमध्ये सापडणार नाहीत. ती विम्याच्या हिशेबातच आहेत.

आधी व्यवस्था समजून घेऊ. अमेरिकेत अपंगांच्या सेवांचा मुख्य सरकारी झरा मेडिकेड हा आहे. 1965 च्या कायद्याने तो सुरू झाला, आणि त्याचा खर्च केंद्र सरकार आणि राज्य वाटून घेतात. न्यू जर्सीसारख्या तुलनेने श्रीमंत राज्याला बहुतेक खर्चाचा निम्मा भाग वॉशिंग्टनकडून मिळतो. पूर्वी सरकार प्रत्येक तपासणीचे, प्रत्येक इंजेक्शनचे बिल चुकते करत असे. मॅनेज्ड केअरमध्ये सरकार कंपनीला माणशी दरमहा ठरावीक रक्कम देते. त्या रकमेत त्या माणसाची सारी देखभाल कंपनीने करायची. खर्च कमी झाला तर उरलेले तिचे, जास्त झाला तर भुर्दंडही तिचा. महाराष्ट्रातल्या वाचकाला ही कल्पना परकी नाही. 2012 मध्ये आठ जिल्ह्यांत सुरू झालेली राजीव गांधी जीवनदायी योजना, जी पुढे महात्मा जोतिराव फुले यांच्या नावाने ओळखली जाऊ लागली, तीही सरकारने कुटुंबामागे विमा कंपनीला हप्ता भरण्याच्या तत्त्वावर उभी होती. फरक असा, की जीवनदायी योजनेचा संबंध मुख्यतः रुग्णालयातल्या उपचारांशी होता. ऑपरेशन झाले, माणूस घरी आला, कंपनीचे काम संपले. न्यू जर्सीत याच तत्त्वाने माणसाला अंघोळ घालण्याचे, जेवू घालण्याचे, रात्री त्याच्यापाशी थांबण्याचे कामही विकत घेतले जाते.

इथेच विम्याचे गणित बिघडते. विमा अनिश्चिततेवर चालतो. हजार माणसांपैकी कोणाला हृदयविकाराचा झटका येईल हे माहीत नसते, म्हणून हजारांनी थोडे थोडे भरायचे आणि ज्याला झटका येईल त्याच्यावर ते खर्च करायचे. या व्यवहारात कंपनीने रक्तदाब वेळेवर तपासला, मधुमेहावर लक्ष ठेवले, तर रुग्णालयाचा खर्च खरोखरच वाचतो आणि माणूसही सुखी राहतो. कंपनीचा फायदा आणि रुग्णाचा फायदा एका दिशेला असतात. म्हणून आजारपणाच्या बाबतीत मॅनेज्ड केअरला सरसकट नावे ठेवणे मला पटत नाही. आता पंचवीस वर्षांचा, बोलू न शकणारा, एकट्याला सोडता न येणारा तीव्र स्वमग्न तरुण घ्या. त्याच्या बाबतीत अनिश्चित काय आहे? उद्या त्याला सोबत लागेल, परवा लागेल, वीस वर्षांनीही लागेल. इथे वाटून घ्यायची जोखीमच नाही, आहे ती निव्वळ निश्चिती. चांगल्या देखभालीने त्याचे आयुष्य समृद्ध होईल, पण त्याची सोबतीची गरज नाहीशी होणार नाही. मग खर्च वाचवण्यासाठी कंपनीच्या हातात काय उरते? सोबतीचे तास. तेवढीच एक कळ तिला फिरवता येते, आणि दरमहा ठरलेल्या रकमेतून फायदा काढायचा तर ती फिरवावीच लागते. यात कंपनीतल्या माणसांचा दुष्टपणा गृहीत धरण्याचे कारण नाही. भला माणूस तिथे बसवला तरी समोरचा तक्ता तोच राहतो.

हे नुसते तर्कशास्त्र नाही. न्यू जर्सीत घरी येऊन अंग पुसणे, कपडे घालणे, खाऊ घालणे अशी मदत करणाऱ्या माणसाची सेवा, म्हणजे पर्सनल केअर असिस्टंट, 2011 मध्ये कंपन्यांकडे गेली. तेव्हापासून आठवड्याला किती तास द्यायचे हे कंपनीच्या मूल्यमापनावर ठरते. त्याला आठवड्याच्या चाळीस तासांची कमाल मर्यादा आहे. म्हणजे आठवड्यातल्या एकशे अडुसष्ट तासांपैकी जास्तीत जास्त चाळीस, आणि प्रत्यक्ष मंजूर होतात ते त्याच्या आत. राष्ट्रीय पातळीवरचा पुरावा आणखी बोलका आहे. केंद्राच्या आरोग्य खात्याच्या महानिरीक्षक कार्यालयाने जुलै 2023 मध्ये मेडिकेडच्या मॅनेज्ड केअर कंपन्यांबद्दल एक अहवाल काढला. 2019 मधल्या आकड्यांवरून त्यात दिसले, की पूर्वमंजुरीच्या दर आठ अर्जांपैकी एक नाकारला गेला होता. तपासलेल्या 115 कंपन्यांपैकी 12 कंपन्यांनी तर चौथा हिस्सा किंवा त्याहून जास्त अर्ज नाकारले होते. आणि ज्यांना नकार मिळाला त्यांच्यापैकी फक्त 11 टक्क्यांनी अपील केले. ज्यांनी केले त्यांच्यापैकी सुमारे एक तृतीयांश लोकांच्या बाबतीत कंपनीने स्वतःच आपला निर्णय पूर्ण किंवा अंशतः मागे घेतला. हे आकडे आजारपण आणि अपंगत्व दोन्हींचे एकत्र आहेत, हे खरे. पण ज्या व्यवस्थेत नकाराला आव्हान देणारे इतके थोडे आणि दिले तर यश इतके वारंवार, तिथे नकार हा बराचसा गृहीत धरलेला पहिला टप्पा असतो, असे मला वाटते.

यावर एक सबळ आक्षेप आहे, आणि तो टाळून पुढे जाता येणार नाही. मॅनेज्ड केअरच्या बाजूचे लोक सांगतात, की ॲरिझोना, विस्कॉन्सिन आणि मिशिगन या राज्यांनी बौद्धिक आणि विकासात्मक अपंगत्व असलेल्यांची दीर्घकालीन देखभाल फार पूर्वीच या चौकटीत आणली आणि ती चांगली चालली. ही गोष्ट खरी आहे. ॲरिझोनाने 1982 मध्ये मेडिकेड सुरू केले तेच मॅनेज्ड केअरच्या पायावर, आणि ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस अपंगांची देखभालही त्यात घेतली. विस्कॉन्सिनच्या ‘फॅमिली केअर’ योजनेने प्रौढांच्या प्रतीक्षायाद्या संपवल्या, आणि देशभरात घरगुती सेवांसाठी लाखो लोक अशा याद्यांवर ताटकळत असताना ही फार मोठी कामगिरी आहे. पण या राज्यांत ‘कंपनी’ म्हणजे कोण ते बघा. ॲरिझोनात विकासात्मक अपंगत्वासाठीचा मुख्य ठेकेदार हा राज्याचाच विभाग आहे. मिशिगनमध्ये हे काम प्रादेशिक सार्वजनिक मंडळांकडे होते. विस्कॉन्सिनमध्ये ते आधी काउंट्यांनी केले, मग ना-नफा संस्थांनी. म्हणजे ठरावीक रकमेत काम करण्याची शिस्त होती, पण वाचलेल्या डॉलरवर भागधारकाचा हक्क नव्हता. याउलट कॅन्ससने फेब्रुवारी 2014 मध्ये आणि आयोवाने एप्रिल 2016 मध्ये ही देखभाल खासगी विमा कंपन्यांकडे एकदम सोपवली. आयोवात दीर्घकालीन देखभालीची गरज असलेले बहुसंख्य लोक ज्या कंपनीकडे होते ती ॲमेरिहेल्थ कॅरिटास 2017 च्या अखेरीस राज्य सोडून गेली. 2019 मध्ये युनायटेड हेल्थकेअरही गेली. कॅन्ससच्या योजनेला मुदतवाढ द्यायला केंद्राने जानेवारी 2017 मध्ये, देखरेखीतल्या त्रुटी दाखवून, नकार दिला. रुग्णालयाची कंपनी बदलली तर माणूस नवे कार्ड पाकिटात ठेवतो. रोज सकाळी येणाऱ्या माणसाची कंपनी बदलली तर तो माणूसच बदलू शकतो, आणि स्वमग्न तरुणासाठी ते भूकंपासारखे असते. विस्कॉन्सिनचे उदाहरणही आता पूर्वीसारखे निखळ राहिलेले नाही. 2022 आणि 2023 मध्ये तिथल्या दोन मोठ्या ना-नफा संस्था अनुक्रमे हुमाना आणि मोलिना या कंपन्यांनी घेतल्या. पुढच्या दहा वर्षांत तिथे तासांचे काय होते, हा या वादातला सर्वांत उपयोगी प्रयोग ठरेल.

दुसरा आक्षेप असा, की सरकारी विभाग तरी काय उदारहस्ते देतो? तोही मोजतोच. हे पूर्णतः मान्य. डीडीडीकडे आलेल्या प्रत्येक प्रौढाचे एनजेकॅट नावाच्या प्रश्नावलीने मूल्यमापन होते, त्यावरून ए ते एफ अशी पायरी ठरते, आणि पायरीनुसार वार्षिक रकमेची मर्यादा. एखाद्याच्या आयुष्याची ‘पायरी’ ठरवणे यात काहीतरी खुपणारे आहे, आणि प्रश्नावली भरताना आईवडील मुलाबद्दल जरा चांगलेच बोलले, जे आईवडील स्वभावतः करतात, तर पायरी खाली येते. पण फरक कुठे आहे? इथे रक्कम आधी ठरते आणि ती त्या माणसाच्या नावावर असते. सपोर्ट को-ऑर्डिनेटरबरोबर बसून कुटुंब ठरवते, की यातून डे प्रोग्रॅम घ्यायचा, नोकरीसाठीचे प्रशिक्षण घ्यायचे, की ओळखीचा माणूस स्वतः नेमायचा. त्यातले दहा हजार डॉलर खर्च झाले नाहीत तर ते कोणाच्या नफ्यात जमा होत नाहीत. मोजमाप चुकले असेल तर फेरमूल्यमापन मागता येते, आणि नकार देणाऱ्या माणसाला त्या नकारातून काही मिळत नाही. मोजणे टळणार नाही. मोजणाऱ्याचा त्यात वाटा असू नये, इतकीच माझी मागणी आहे.

या रेघेचा खरा तोटा तिच्या शिवणीवर दिसतो. एकच माणूस डीडीडीच्या योजनेत आणि एमएलटीएसएसमध्ये एकाच वेळी असू शकत नाही. डॉक्टर, औषधे आणि घरगुती मदतीचे ते चाळीस तासांपर्यंतचे काम कंपनीकडे. डे प्रोग्रॅम, ग्रुप होम, वर्तनविषयक आधार विभागाकडे. ज्याला बौद्धिक अपंगत्वाबरोबर श्वासनळीची काळजीही लागते त्याची नर्स कोणी द्यायची, यावर कागद इकडून तिकडे फिरतात. एकत्रीकरणाचे पुरस्कर्ते याच दुखण्यावर बोट ठेवतात, आणि ते चूक नाहीत. पण शिवण उसवते म्हणून दोन्ही कापडे एकाच शिंप्याला विकावीत असे होत नाही. दोघांनी एकमेकांचे मूल्यमापन ग्राह्य धरायचे, आणि वाद मिटेपर्यंत सेवा चालू राहील अशी सोय करायची, एवढे केले तरी पुष्कळ. दुसऱ्या मुद्द्यावर केंद्राचा नियम आजच थोडा आधार देतो. चालू असलेली सेवा कंपनीने कमी केली आणि नोटिशीनंतर दहा दिवसांच्या आत अपिलासह सेवा चालू ठेवण्याची मागणी केली, तर निकालापर्यंत ती चालू राहू शकते. अपिलाची मुदत मात्र साठ दिवसांची. कुटुंबे साठ हा आकडा लक्षात ठेवतात आणि दहा विसरतात.

हे सारे मराठी घरांना कसे भिडते ते बघायला आता एडिसनकडे वळू. या गावाची जवळजवळ निम्मी वस्ती आशियाई वंशाची, त्यातही भारतीय सर्वांत जास्त, आणि त्यात मराठी कुटुंबे भरपूर. ऑटिझमची नोंद करणाऱ्या केंद्र सरकारच्या पाहणीत न्यू जर्सीचा आकडा सातत्याने वरच्या रांगेत असतो; 2020 च्या पाहणीत आठ वर्षांच्या दर 35 मुलांमागे एक. तेव्हा हा प्रश्न इथल्या मराठी घरांपासून दूर असण्याची शक्यता नाही. शाळा असेपर्यंत घडी बरी बसलेली असते. 1975 च्या कायद्याने विशेष शिक्षण हा हक्क आहे, आणि शाळा व्हिसा विचारत नाही. मेडिकेडमधल्या मुलांसाठी आणखी एक कवच असते: एकवीस वर्षांखालील मुलाला वैद्यकीयदृष्ट्या आवश्यक ती सेवा राज्याने द्यायलाच हवी. एकविसाव्या वर्षी ही दोन्ही छत्रे जवळपास एकदम मिटतात, आणि मूल डीडीडीच्या दारात उभे राहते. त्या दाराची पहिली अट मेडिकेड. एच-वन-बीवर आलेल्या कुटुंबातल्या, एच-फोर व्हिसावरच्या प्रौढाला पूर्ण मेडिकेड मिळत नाही. ग्रीन कार्ड मिळाले तरी 1996 च्या कायद्यानुसार प्रौढांना साधारणपणे पाच वर्षे थांबावे लागते. भारतात जन्मलेल्यांची ग्रीन कार्डची रांग दशकांच्या हिशेबात मोजतात. आणि एच-फोर व्हिसाही एकविसाव्या वर्षीच संपतो. इतर मुले अशा वेळी विद्यार्थी व्हिसा घेऊन पुढे जातात. ज्याला महाविद्यालयात जाणे शक्यच नाही त्याने काय करायचे, याचे उत्तर कोणत्याही कायद्यात नीट दिलेले नाही. मॅनेज्ड केअर की सरकारी विभाग, हा सारा वाद या कुटुंबाच्या डोक्यावरून जातो. मात्र न्यू जर्सीने जानेवारी 2023 पासून उत्पन्नाच्या मर्यादेत बसणाऱ्या एकोणीस वर्षांखालील सर्व मुलांना, स्थलांतराची स्थिती काहीही असो, आपल्या मेडिकेड योजनेत घेतले. राज्याच्या पैशाने रांग ओलांडता येते, हे त्यातून दिसले. अपंग प्रौढांसाठी तसे करण्याला माझ्या मते खर्चाची अडचण आहे, तत्त्वाची नाही.

ज्यांना हक्क आहे त्यांच्यापैकीही अनेक मराठी कुटुंबे अर्जच करत नाहीत, किंवा उशिरा करतात. एक कारण स्वाभिमानाचे: आम्ही कमावते आहोत, सरकारपुढे हात कशाला पसरायचा. अठरा वर्षे पूर्ण झाल्यावर आईवडिलांचे उत्पन्न मुलाच्या पात्रतेत धरले जात नाही, हे पुष्कळांना ठाऊकच नसते. दुसरे कारण बचतीच्या आपल्या सवयीत दडलेले आहे. आजी-आजोबा नातवाच्या नावाने पैसे ठेवतात, आईवडील त्यात भर घालतात, आणि अपंगांसाठीच्या एसएसआय भत्त्याची मालमत्तेची मर्यादा 1989 पासून दोन हजार डॉलरवरच गोठलेली आहे. मायेने साठवलेली रक्कमच मुलाला अपात्र ठरवते. 2014 च्या कायद्याने आलेले एबल खाते किंवा विशेष गरजांसाठीचा ट्रस्ट हे यावरचे रीतसर मार्ग आहेत. ते वेळेत कळले तर. अर्ज न करण्याचा परिणाम मात्र त्या एका घरापुरता राहत नाही. कंपन्यांना द्यायची दरमहा रक्कम विमाशास्त्रज्ञ ठरवतात, आणि त्यांच्यासमोर असतो तो मागच्या वर्षांत प्रत्यक्ष वापरलेल्या सेवांचा हिशेब. आईने स्वतः नोकरी सोडून जी सोबत केली ती त्या हिशेबात कुठेच नसते. नाकारलेले आणि अपील न केलेले तासही नसतात. पुढच्या वर्षीचा दर या वर्षी न मागितलेल्या गरजेला शून्य धरून निघतो. मॅनेज्ड केअरवरचा माझा सर्वांत मोठा आक्षेप हाच आहे, आणि तो कंपनी खासगी असो वा सार्वजनिक, दोन्हीकडे लागू पडतो. विभागाने व्यक्तीची गरज थेट मोजून रक्कम ठरवण्याच्या पद्धतीत हा दोष खूप कमी आहे, कारण तिथे सुरुवात माणसापासून होते.

या साऱ्या चर्चेत एक गोष्ट दोन्ही पद्धतींना जमलेली नाही. प्रत्यक्ष सोबत करणारा कर्मचारी टिकत नाही. देशभरात या कामातून दरवर्षी सोडून जाणाऱ्यांचे प्रमाण बरीच वर्षे 40 टक्क्यांच्या आसपास आहे. मंजूर झालेले तास कागदावर राहतात, कारण त्या पगारात यायला माणूस मिळत नाही. पगार वाढवायचा तर सरकारने सेवेचा दर वाढवायला हवा, आणि नेमक्या याच वेळी केंद्राचा हात आखडतो आहे. 4 जुलै 2025 ला सही झालेल्या कायद्याने पुढच्या दहा वर्षांत मेडिकेडवरचा केंद्राचा खर्च सुमारे 900 अब्ज डॉलरने कमी होईल असा अमेरिकी काँग्रेसच्या अंदाजपत्रक कार्यालयाचा अंदाज आहे. त्यात अपंगांच्या सेवांना थेट हात लावलेला नाही, असे कायद्याचे समर्थक सांगतात, आणि अक्षरशः ते बरोबरही आहे. पण मेडिकेडच्या मूळ कायद्यात नर्सिंग होम देणे राज्याला बंधनकारक आहे, घरी किंवा वस्तीत मिळणाऱ्या बहुतेक सेवा मात्र ऐच्छिक. 1981 मध्ये आयोवातल्या केटी बेकेट या लहान मुलीला रुग्णालयातून घरी नेले तर मेडिकेड बंद होत होते, हे राष्ट्राध्यक्ष रेगन यांनी पत्रकार परिषदेत सांगितले, आणि त्याच वर्षीच्या कायद्याने घरगुती सेवांसाठी सवलतीची वाट खुली झाली. 1999 मध्ये ओल्मस्टेड खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने माणसाला विनाकारण संस्थेत ठेवणे हा भेदभाव ठरवला. तरीही सक्तीचे आणि ऐच्छिक हा क्रम बदलला नाही. राज्याला खर्च कापायची वेळ आली की आधी ऐच्छिक रकान्यावर नजर जाते. एडिसनमध्ये काउंटीचे रूझवेल्ट केअर सेंटर हे नर्सिंग होम आहे; तिथल्या खाटेचा मेडिकेडखालचा हक्क कायद्याने पक्का आहे, आणि त्याच गावातल्या एखाद्या ग्रुप होममधल्या खोलीचा हक्क ट्रेंटनच्या, म्हणजे राज्य सरकारच्या, दर वर्षीच्या अंदाजपत्रकावर अवलंबून. अशा वर्षी विधिमंडळासमोर सूचना येईल, की डीडीडीचे सगळे काम कंपन्यांकडे द्या, म्हणजे खर्चाला निदान कमाल मर्यादा राहील. मर्यादा राहील, यात शंका नाही. ती मर्यादा गाठली गेल्यावर उरलेले तास ज्या घरातून भरून निघतील, त्या घरातल्या आईचे वय त्या सूचनेबरोबर जोडलेल्या खर्चाच्या तक्त्यात कुठल्याच रकान्यात नसेल.